क्लोरहेक्झिडीन की मिठाचं पाणी?

हिरड्या सुजल्या तेव्हा शहापूरच्या आमच्या घरी बेसिनवर दोन्ही आलं: ०.२ टक्के क्लोरहेक्झिडीनची, म्हणजे जंतुनाशक माउथवॉशची बाटली आणि आईनं ठेवलेला कोमट मिठाच्या पाण्याचा तांब्या. जंतू रोखण्यात बाटलीच सरस. औषध दातांना चिकटून तासन्‌तास काम करतं. पण दहाव्या दिवशी खालच्या दातांमागे तपकिरी डाग, आणि कुंदा, ही दुधाची मिठाई, तोंडात घातला तर धड चवच लागेना! वर चहानं डाग गडद होतात ते वेगळंच. पेस्टनंतर लगेच या औषधानं चूळ भरली तर गुण कमी येतो, अर्धा तास थांबावं. मिठाच्या पाण्यानं डाग नाहीत, ठणकाही उतरतो. दातांवरचा मऊ थर मात्र ब्रशनंच निघतो. डॉक्टरांनी सांगितली तर दोन आठवडे बाटली, एरवी मी तांब्याकडेच वळतो.