काडीकचऱ्यासाठी कंपोस्ट कल्चर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

छाटलेल्या फांद्या, काटक्या आणि लाकडाचा भुसा यांचे खत लवकर व्हावे म्हणून ट्रायकोडर्मा ही बुरशी आणि काही जिवाणू असलेली कल्चर पावडर वापरायला लागून आठ महिने झाले. तिचा खरा परिणाम कळावा म्हणून मी सारख्याच मालाचे दोन ढीग रचले. एकात पावडर घातली आणि दुसऱ्यात जुन्या तयार खताच्या दोन टोपल्या विरजणासारख्या मिसळल्या.

आठवडाभरात दोन्ही ढीग ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापले. पाकिटावर ४५ दिवसांचा वायदा होता आणि तेवढ्यात हिरवा पाला विरघळल्यासारखा नाहीसाही झाला, परंतु काटक्या केवळ काळवंडल्या होत्या.

याचे कारण लिग्निनमध्ये आहे. लाकडाचा साधारण २० ते ३० टक्के भाग असलेला हा पदार्थ सेल्युलोजला, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या मुख्य घटकाला, वेढून बसतो, आणि त्याचे रेणू इतके मोठे व गुंतागुंतीचे असतात की सूक्ष्मजीवांना ते पेशीत घेता येत नाहीत. लॅकेज, पेरॉक्सिडेज यांसारखी विकरे (एन्झाइम) बाहेर सोडूनच ते फोडावे लागतात, आणि त्यासाठी प्राणवायू लागतो. हे काम मुख्यतः श्वेतकुज बुरशांचे, म्हणजे लाकूड कुजवून पांढरट करणाऱ्या बुरशांचे. ट्रायकोडर्मा सेल्युलोज उत्तम पचवते, पण लिग्निनपुढे तिचे फारसे चालत नाही. शिवाय ६० अंशांना बहुतेक बुरशा टिकत नाहीत. त्या काळात ढीग उष्णताप्रेमी जिवाणू आणि ॲक्टिनोमायसिट्स (बुरशीसारखे तंतू असलेले जिवाणू) यांच्या ताब्यात असतो. त्यांचा करडा थर पाहून कोणीतरी ढिगात राख टाकली, असेच मला आधी वाटले होते.

तिसऱ्या महिन्यात ढीग निवल्यावर मात्र सालींखाली पांढरे तंतू दिसू लागले, आणि त्यानंतर काटक्या फिकट, तंतुमय होऊन बोटांनी कुस्करता येऊ लागल्या. हे तंतू दोन्ही ढिगांत होते, त्यामुळे ते पाकिटातून नव्हे, तर बहुधा फांद्यांबरोबरच आले असावेत. ते तुटू नयेत म्हणून मी ढीग उलथणे थांबवले आणि फक्त ओल राखली.

एक चूक सांगायला हवी. भुशात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे ३०० हून अधिक भाग असू शकतात आणि ढिगाला सुरुवातीला २५ ते ३० हवे असतात, म्हणून मी आरंभी शेण व ताजे गवत घातले, ते योग्यच होते; पाचव्या महिन्यात घातलेला युरिया मात्र वाया गेला. श्वेतकुज बुरशांपैकी काही तर नत्राची चणचण असतानाच लिग्निन फोडणारी विकरे तयार करतात.

आठव्या महिन्यात चाळल्यावर दोन्ही ढिगांत जवळपास सारख्याच काटक्या उरल्या, त्याही अंगठ्याहून जाड असलेल्या. दोन-तीन सेंटिमीटर लांबीचे तुकडे दोन्हीकडे संपले होते. जुने खत हाताशी नसेल, तर पहिल्या ढिगासाठी पावडर घ्यायला हरकत नाही. मी मात्र या खेपेस चाळणीवर उरलेल्या, बुरशी लागलेल्या काटक्याच नव्या ढिगात घातल्या आहेत.