कॅथलॅब पहिल्या दर्जाची, डिस्चार्जची समज अपुरी

बाबांना हार्ट ॲटॅक आला आणि सांगलीतल्या एका रुग्णालयात त्यांची अँजिओप्लास्टी झाली, म्हणजे हृदयाच्या अरुंद झालेल्या धमनीत फुगा फुगवून तिथे स्टेंट, धातूची बारीक जाळी, बसवली. हे जिथे करतात त्या कॅथलॅबबद्दल तक्रारीला जागाच नाही. मनगटातून नळी घातली, बाबा त्याच संध्याकाळी उठून बसले. स्टेंटचा स्टिकर फाइलमध्ये लावून मिळाला, बिलात त्याची किंमत वेगळी दाखवली होती. 2017 साली सरकारने औषधी (औषधाचा लेप असलेल्या) स्टेंटवर 29,600 रुपयांची मर्यादा घातली, त्याआधी अनेक घरं स्टेंटच्या किमतीखाली दबायची.

माझं म्हणणं डिस्चार्जबद्दल आहे. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, प्लेटलेट (रक्ताची गुठळी करणाऱ्या पेशी) मोजणं हे रोजचंच, म्हणून ते जास्त लागलं. कार्डावर ॲस्पिरिन, टिकाग्रेलॉर, या प्लेटलेटना गुठळी करू न देणाऱ्या दोन गोळ्या, आणि पुढे 'वर्षभर'. वर्षभर का, हे कुणी बोललं नाही.

फुगा ब्लॉक दाबतो, पण धमनीचं आतलं नाजूक अस्तरही फाडतो. खालचं कोलॅजन (भिंतीतलं चिवट प्रथिन) उघडं पडलं की काही मिनिटांत प्लेटलेट तिथे चिकटतात आणि आणखी प्लेटलेट बोलावून घेतात. मागोमाग न्यूट्रोफिल, मोनोसाइट या पांढऱ्या पेशी येतात. गुडघा खरचटल्यावर शरीर हेच करतं, पण तीनेक मिलिमीटरच्या नळीत ती गुठळी जिवावर बेतते. पुढे काही महिने धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी वाढत राहतात आणि वाट पुन्हा अरुंद होऊ शकते. 1977 मध्ये झुरिकला डॉ. ग्रुंटझिग यांनी हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला, त्यानंतर कित्येक वर्षं डॉक्टर याच्याशीच झुंजत होते. औषधी स्टेंटने ही वाढ बरीच रोखली. मात्र तेच औषध नवं अस्तरही सावकाश येऊ देतं, आणि तोवर धातूची जाळी रक्तात उघडी राहते. दोन गोळ्या त्यासाठी.

ॲस्पिरिन लागलेली प्लेटलेट तिचं आठ-दहा दिवसांचं आयुष्य संपेपर्यंत निकामीच राहते. टिकाग्रेलॉरचा परिणाम मात्र उतरतो, म्हणून ती गोळी सकाळ-संध्याकाळ. काहींना तिने दम लागतो आणि लोक परस्पर ती सोडून देतात. हे बाबांकडे बघून, मराठीत सांगायला हवं होतं. मी घरी सांगितलं. पण ज्यांच्या घरी लॅबमधलं कुणी नाही त्यांनी काय करायचं?

तीन-चार महिन्यांनी बाबांची दाढ दुखायला लागली. दंतवैद्य म्हणाले, गोळ्या बंद करून या. मी हृदयविभागात फोन लावला. सिस्टर लगेच म्हणाल्या, "ताई, एकही गोळी बंद करू नका," आणि डॉक्टरांना फोन जोडून दिला. ते दंतवैद्यांशी स्वतः बोलले. गोळ्या चालू ठेवूनच दाढ काढली, रक्त थोडं जास्त वाहिलं, बोळा दाबून धरल्यावर थांबलं. त्या सिस्टरांचे आभार मानावे तेवढे थोडे.

उपचारांना पाचपैकी पाच, डिस्चार्जला दोन. व्यवस्थापनाला विनंती, याच सिस्टरांना डिस्चार्जच्या वेळी प्रत्येक रुग्णाजवळ दहा मिनिटं बसू द्या.