घर घेताना स्वतःचा वकील: सर्च रिपोर्टचे पैसे वसूल होतात का?

होतात, आणि खान्देशात तर नक्कीच. सर्च रिपोर्ट म्हणजे मालमत्तेचे जुने कागद तपासून वकिलाने दिलेला अहवाल. बिल्डरचा वकील बिल्डरचं हित बघतो. बँकेच्या पॅनलवरचा वकील कर्ज बुडणार नाही ना एवढंच तपासतो. तुमच्या बाजूने कागद वाचणारं कोणीच नसतं.

चांगला वकील निदान ३० वर्षांचा शोध घेतो: दुय्यम निबंधकाकडची सूची क्र. २ (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा गोषवारा), सातबारा आणि त्यावरचा प्रत्येक फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद. खरी गोम फेरफारातच सापडते. जळगाव-धुळ्याकडचे बरेच प्लॉट मुळात शेतजमिनीचे. वारस नोंदीत बहिणींची नावं असतात, पुढच्या फेरफारात ती गायब! त्यांचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत नसेल, तर घर बांधून झाल्यावरही दावा उभा राहू शकतो. ‘इतर हक्क’ रकान्यात गावच्या शेती सोसायटीच्या जुन्या कर्जाचा बोजाही निघतो. बिनशेती आदेश आणि मंजूर लेआउट यांतला गट नंबर जुळायलाच हवा.

नंदुरबारकडे आणखी जपा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीने घ्यायची तर महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर खरेदीखत वाचवत नाही.

फ्लॅट असेल तर रेरा या गृहप्रकल्पांच्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. म्हणून वकील बयाण्याच्या आधी गाठा.

उणीव एकच: तो जागा मोजत नाही. हद्दीसाठी भूमी अभिलेखची मोजणी वेगळी करावी लागते. आणि ‘सगळं क्लिअर आहे’ असं तोंडी सांगणाऱ्याला फी देऊ नका, सहीशिक्क्याचा लेखी रिपोर्टच मागा.