सात इंची लोखंडी अडकित्ता: नक्षी नको, खीळ बघा

भांड्यांच्या दुकानात मोर-पोपटांचे पितळी अडकित्ते पुढे मांडलेले असतात आणि काळा लोखंडी मागे कुठेतरी पडलेला असतो. रोज सुपारी कातरायची असेल तर हा मागचाच मागून घ्या.

अडकित्ता ही दुसऱ्या प्रकारची तरफ. एका टोकाला टेकू म्हणजे खीळ, दुसऱ्या टोकाला मूठ आणि मधे भार, म्हणजे सुपारी. या नगात खिळीपासून मुठीपर्यंत १३ सेंमी भरतात. सुपारी खिळीपासून अडीच सेंमीवर धरली तर हाताचा जोर पाचपट होऊन धारेवर येतो, ५ सेंमीवर धरली तर जेमतेम अडीचपट. फुकट काही नाही: जोर पाचपट हवा तर धार १ सेंमी उतरायला मूठ ५ सेंमी दाबावी लागते.

मग सुपारी खिळीलाच का चिकटवू नये? कारण अडीच सेंमी जाडीची अख्खी सुपारी खिळीपासून अडीच सेंमीवर घातली तरी सरळ दांडे ६० अंशांत फाकतात. मुठीशी १३ सेंमीचं अंतर पडतं, ते पंजात मावत नाही. वर एवढ्या रुंद कोनात दोन्ही पाती सुपारीला मागे रेटतात आणि ती टुणकन उडते. म्हणून अख्खी सुपारी आधी ५ सेंमीवर धरून दुभंगायची. मग खांडाची सपाट बाजू खाली ठेवून ते खिळीकडे सरकवत कातरायचं. खालच्या पात्यावरची उथळ खाच खांड जागेवर धरते. अगदी गुळगुळीत पात्याचा अडकित्ता घेऊच नये.

खरी मेख खिळीतच. दुकानात दोन्ही दांडे आडवे हलवून बघा. खडखड झाली तर परत ठेवा: धार तिरपी उतरते, कात्रण एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ पडतं आणि चुराच जास्त होतो. मिटलेला अडकित्ता उजेडासमोर धरला की धारेखालची फट सगळीकडे सारखी दिसायला हवी. पितळ मऊ, त्यामुळे पितळी दांड्यातलं खिळीचं भोक वापरून लांबट होतं. लोखंडीत हे उशिरा होतं, आणि झालंच तर खीळ ऐरणीवर ठेवून हलके ठोके दिले की बसते. फार ठोकलीत तर दांडे जाम होतात.

उणिवा आहेतच. धार येते ती बोथट, आधी दगडावर लावून घ्यावी लागते, तीही पात्याच्या उतरत्या बाजूनेच. ओलसर ठेवला की गंज धरतो. पुसून खिळीत खोबरेलाचा एक थेंब पुरतो. बदाम, सुकं खोबरं छान कातरलं जातं. भिजवलेली सुपारी आरामात, पण कडक श्रीवर्धनी रोठा सुपारीला मनगट लागतं.

आणि एक: पूर्ण मिटल्यावर मुठीत बोटभर फट राहते ना, ते बघा. नसेल तर तळहाताची कातडी चिमटते.