घोडी घेताय? आधी इंजेक्शन उतरू द्या

बाजारात जी घोडी झोकात रेवाल, म्हणजे स्वाराला धक्का न देणारी झपाझप चाल, चालून दाखवत होती, ती घरी उतरवल्यावर दुसऱ्याच सकाळी पुढचा डावा पाय धड टेकवेना. पावणेदोन लाखांचा सौदा, वर दलाली, वर टेम्पोचं भाडं. विकणाऱ्याला फोन लावला तर म्हणाला, "शेठ, टेम्पोत पाय मुरगळला असेल. तेल चोळा, बसेल जागेवर." नंतर नंतर त्याने फोन उचलणंच सोडलं.

पाय मुरगळलेला नव्हता. डॉक्टरांनी घोडीला आधी नुसतं उभं राहू दिलं. ती डावा पाय पुढे काढून टाचेवरचा भार सोडायची, जरा वेळाने मागे घ्यायची, पुन्हा तेच. मग फरसबंदीवर दुडकी चालवली. डावा पाय जमिनीला लागला की मान वर उडायची. खूर चिमट्यात धरून टाचेच्या बाजूला दाब दिल्याबरोबर तिने पाय हिसकावून घेतला. एक्स-रेत नेव्हिक्युलर हाड खराब झालेलं दिसलं. खुराच्या आतलं हे छोटं हाड एकदा बिघडलं की पूर्ववत होत नाही. नालबंदाकडून टाच उचलून घ्यायची, काम कमी करायचं आणि सांभाळायचं. टेम्पोतल्या एका रात्रीत हा आजार होत नसतो.

मग बाजारात ती ठणठणीत कशी? डॉक्टरांच्या मते फिनाईलब्युटाझोन किंवा तसलंच वेदनाशामक. औषध वाईट नाही, आजारी घोड्याला तेच देतात. पण सकाळी टोचलं की साधारण दिवसभर दुखणं झाकलं जातं, आणि सौदा तेवढ्यात उरकतो. आता आठवतं, घोडी दाखवली ती नदीकाठच्या मऊ रेतीत, सरळ रेषेत. कडक जमिनीवर फिरव म्हटलं तर "नाल नवीन आहे शेठ, घसरेल" हे उत्तर तयार होतं. "सारंगखेड्याच्या घोडेबाजारात लावली असती तर दुप्पट आले असते," हेही वर ऐकवलं.

वयाची गंमत तर पुढेच. सांगितलं होतं सहा वर्षं. खालच्या पुढच्या दातांवर काळे खळगेही होते, म्हणजे तरुण तोंड. डॉक्टरांनी टॉर्च मारून दाखवलं: खऱ्या खळग्याभोवती पांढरं कडं असतं, इथे एकाही खळग्याला नव्हतं. दात कोरून, डागून काळे केलेले. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी एक उभी खाच दिसू लागते आणि पंधराच्या सुमारास ती अर्ध्या दातापर्यंत उतरते. आमच्या घोडीची खाच पाव दाताच्याही खाली गेलेली. म्हणजे बारा-तेरा वर्षं तरी. खालचा दात कोरणाऱ्याने वरचा दात पाहिलाच नव्हता, किंवा पाहणारा कुणी येणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून घोडा पसंत पडला तरी त्याच दिवशी पैसे मोजू नका. दुसऱ्या दिवशी न सांगता पहाटे जा, खरारा व्हायच्या आत, ठाणावर उभा असतानाच बघा. कडक जमिनीवर दोन्ही बाजूंनी लहान गोल घ्यायला लावा. डॉक्टर आपला न्या, विकणाऱ्याने आणलेला नको. आणि रक्ताचा नमुना घेऊन ठेवा. दुखणं झाकणं संपलं तरी औषध काही काळ रक्तात सापडतं. तपासणी कुठल्या प्रयोगशाळेत होते ते डॉक्टरांकडून आधी विचारून ठेवा. खरं सांगायचं तर निम्मं काम सुई काढल्यावरच होतं. विकणाऱ्याचा चेहरा बघा.

वकिलाकडे गेलो तेव्हा कळलं की १८७२च्या करार कायद्यात, कलम १७ला, चक्क घोड्याचंच उदाहरण आहे. लिलावात कुणी दुखणाईत घोडा विकला आणि गप्प राहिला, तर ती कायद्याने फसवणूक नाही. पण घेणारा म्हणाला, "तुम्ही नाकारलं नाहीत तर घोडा निरोगी आहे असं मी धरतो," आणि विकणारा तरीही गप्प बसला, तर ते गप्प बसणं बोलण्यासारखंच. हे वाक्य दोन साक्षीदारांसमोर, मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवून बोला. मात्र साध्या तपासणीत कळण्यासारखं दुखणं असेल, तर विकणाऱ्याच्या नुसत्या गप्प बसण्यावर सौदा मोडता येत नाही, अशीही मेख पुढे कलम १९मध्ये आहे. आमच्या बाजूने जमेची गोष्ट एवढीच की तो गप्प बसला नव्हता, "सहा वर्षं, पायात खोट नाही" हे त्याने चिठ्ठीवर लिहून दिलंय.

आणखी एक. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा दाखला ताजा आहे का आणि तो याच घोड्याचा आहे का, हे खुणा आणि मायक्रोचिप ताडून बघा. हा रोग माणसालाही होतो आणि तपासणीत निघालेला घोडा सरकारी आदेशाने मारावा लागतो, तिथे लंगडी घोडी परवडली म्हणायची वेळ येते.

पोलिसांत अर्ज दिलाय, एक्स-रे आणि दातांचे फोटो जोडलेत. मध्यंतरी त्याच्या एका माणसाचा निरोप आला: तीस हजार घ्या आणि अर्ज मागे घ्या, नाहीतर पुढच्या बाजारात आम्हीच ती काढून देतो. कशी काढून देणार ते विचारायची गरज नव्हती. घोडी इथेच राहील, अर्जही.