खेकड्याची नंबरप्लेट : व्हर्जिनियातील एका सेवेचे बेळगावहून केलेले परीक्षण

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील कितीतरी मराठी घरांतली मुले आज अमेरिकेत नोकरी करत आहेत. तिथे गाडी घेतली की लगेच त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो, जो आपल्याकडे कोणाला पडत नाही, आणि तो म्हणजे नंबरप्लेट कोणती घ्यायची. साधी प्लेट असतेच. पण थोडे जादा पैसे भरले तर एखाद्या नदीची, प्राण्याची, विद्यापीठाची किंवा रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेची खास प्लेट मिळते आणि त्या जादा पैशांचा एक भाग त्या कार्याकडे जातो. माझी भाची व्हर्जिनिया राज्यात रिचमंड शहराजवळ राहते. तिच्याकडे मुक्कामाला असताना तिच्या गाडीवरील अशीच एक प्लेट मी नीट पाहिली, तिच्या शुल्काचा हिशेब समजून घेतला आणि मगच हे परीक्षण लिहायला घेतले. इथल्या आईवडिलांना, काका-मामांना मुले फोनवर सल्ला विचारतात, तेव्हा त्यांच्या हाताशी नेमकी माहिती असावी, हा यामागचा हेतू आहे.

भाचीने घेतलेल्या प्लेटचे नाव ‘फ्रेंड ऑफ द चेसापीक’ असे आहे. चेसापीक उपसागर ही अमेरिकेतील सर्वांत मोठी खाडी असून रिचमंडमधून वाहणारी जेम्स नदी पुढे तिलाच जाऊन मिळते. शेतांतून वाहून येणारा नायट्रोजन आणि फॉस्फरस, शहरांचे सांडपाणी आणि कालवांची बेसुमार उपसणी यांमुळे या खाडीचे पाणी अनेक दशके बिघडत गेले आहे. प्लेट आकाराने आपल्या चारचाकीच्या प्लेटपेक्षा आखूड आणि उंच, म्हणजे बारा इंच लांब व सहा इंच रुंद असते, आणि तिच्यावर तिथला प्रसिद्ध निळा खेकडा छापलेला आहे. खालच्या कोपऱ्यांत महिन्याचे आणि वर्षाचे असे दोन छोटे स्टिकर चिकटवलेले असतात. नोंदणीचे नूतनीकरण केले की वर्षाचा स्टिकर नवा येतो. चित्र जागा अडवत असले तरी क्रमांक दूरवरून स्वच्छ वाचता येतो, आणि नंबरप्लेटचे पहिले काम तेच असल्यामुळे मी ही गोष्ट आधी तपासली. व्हर्जिनियात गाडीच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे प्लेट लावणे बंधनकारक असल्यामुळे खेकडाही दोन्हीकडे दिसतो.

सेवा म्हणून पाहता मागणी नोंदवणे अगदी सोपे आहे. राज्याच्या मोटार वाहन विभागाच्या संकेतस्थळावर सर्व प्लेट्स चित्रांसह दाखवलेल्या आहेत, आपल्याला हवी ती अक्षरे घालून प्लेट कशी दिसेल हे आधी पाहता येते आणि प्लेट टपालाने घरपोच येते. आणखी एक सोय मला विशेष आवडली. तिथे प्लेट गाडीची नसून मालकाची असते, त्यामुळे गाडी विकली तरी प्लेट काढून घेऊन नव्या गाडीला लावता येते आणि ज्या कार्यासाठी ती घेतली त्या कार्याशी असलेला संबंध तुटत नाही.

आता मुख्य मुद्दा पैशांचा. या प्लेटसाठी नेहमीच्या नोंदणी शुल्कावर वर्षाला २५ डॉलर जादा द्यावे लागतात, म्हणजे आपल्या हिशेबाने दोन हजार रुपयांहून थोडे अधिक. त्यांपैकी १५ डॉलर संबंधित कार्याकडे जातात आणि १० डॉलर राज्याकडे राहतात. मात्र कोणत्याही संस्थेची प्लेट सुरू झाली की पहिल्या १,००० प्लेट्स विकल्या जाईपर्यंत त्या संस्थेला काहीही मिळत नाही. हा वाटा त्यानंतरच्या प्लेट्सपासून सुरू होतो. शिवाय नवी प्लेट सुरू करण्यासाठी आधी किमान ४५० जणांचे अर्ज पैशांसह गोळा करावे लागतात आणि विधिमंडळाची मंजुरी मिळवावी लागते. छोट्या संस्थेच्या दृष्टीने ही अट कठीण आहे, आणि माझ्या मते या योजनेतील सर्वांत मोठा दोष हाच आहे. एखादे गाव आपल्या वाचनालयासाठी किंवा अनाथाश्रमासाठी अशी प्लेट काढू म्हणेल तर हजाराच्या टप्प्यापर्यंत पोहोचणे त्याला जमणार नाही. चेसापीकची प्लेट जुनी आणि लोकप्रिय असल्यामुळे तिने तो टप्पा केव्हाच ओलांडला आहे, म्हणून ती घेणाऱ्याने याची चिंता करण्याचे कारण नाही.

चेसापीकचे १५ डॉलर कोणा खाजगी संस्थेच्या खात्यात जात नाहीत. ते या खाडीसाठी राखून ठेवलेल्या राज्याच्या निधीत जमा होतात आणि त्यांतून पर्यावरण शिक्षणाच्या व पुनरुज्जीवनाच्या प्रकल्पांना अनुदाने दिली जातात. आपल्याकडे गणेशोत्सवाची वर्गणी दिली की पावती घराच्या दारावर चिकटवतात. ही प्लेट म्हणजे वर्षभर रस्त्यावर फिरणारी तशीच पावती आहे, फरक इतकाच की पुढच्या वर्षी वर्गणी मागायला कोणी दारात येत नाही, ती नूतनीकरणाच्या बिलातच येते. नेमक्या याच कारणाने ही पद्धत टिकते. एकदा मन हेलावले म्हणून दिलेली देणगी पुढच्या वर्षी दिली जाईलच असे नसते. नोंदणी मात्र प्रत्येकाला करावीच लागते आणि तिच्यासोबत मदतही आपोआप पोहोचते.

येथे एक सावधगिरीची सूचना मी ठळकपणे देऊ इच्छितो. चित्र सुंदर आहे म्हणजे पैसे चांगल्या कामाला जातात, असे मुळीच नाही. व्हर्जिनियात अनेक खास प्लेट्स केवळ १० डॉलर जादा घेऊन मिळतात आणि त्यांतून कोणत्याही संस्थेला काही जात नाही. तसेच आपल्या नावाची किंवा आवडीची अक्षरे प्लेटवर हवी असतील तर वर्षाला आणखी १० डॉलर भरावे लागतात, आणि तेही कार्याच्या वाट्यात मोडत नाहीत. म्हणून मुलांनी चित्र निवडण्याआधी त्या प्लेटच्या उत्पन्नातून वाटा दिला जातो की नाही, हे विभागाच्या माहितीत वाचून घ्यावे. गाडीवर मराठी आडनाव रोमन अक्षरांत मिरवण्याची हौस मी समजू शकतो, पण त्याच १० डॉलरची थेट देणगी त्या खाडीला अधिक उपयोगी पडेल.

ही कल्पना सुरू कशी झाली, हेही सांगण्याजोगे आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर काही क्षणांतच नष्ट झाले आणि त्यातील सातही जण मृत्युमुखी पडले. ज्या फ्लोरिडाच्या भूमीवरून ते यान उडाले होते, त्या राज्याने त्यांच्या स्मरणार्थ पुढच्याच वर्षी विशेष प्लेट काढली. त्यानंतर फ्लोरिडात मॅनेटी या संथ जलचराच्या, फ्लोरिडा पँथरच्या आणि समुद्री कासवांच्या संवर्धनासाठीही प्लेट्स निघाल्या, आणि आज तिथे प्लेट्सची संख्या इतकी वाढली आहे की २०२० मध्ये राज्याने कमाल १५० ची मर्यादा घातली. कॅलिफोर्नियात व्हेलच्या शेपटीची प्लेट १९९७ पासून किनाऱ्याच्या संरक्षणासाठी आणि सागरी शिक्षणासाठी पैसा उभा करत आहे. तिथे मात्र नवी प्लेट सुरू करण्यासाठी ७,५०० अर्ज आधी लागतात. त्या मानाने व्हर्जिनियाची ४५० ची अट उदार म्हणावी लागेल.

प्लेटवर काय असावे हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि सीमाभागातील वाचकांना तो जवळचा वाटेल. १९७७ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील एका नागरिकाच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की, राज्याचे ब्रीदवाक्य आपल्या गाडीवर मिरवण्याची सक्ती सरकार नागरिकावर करू शकत नाही. पुढे २०१५ मध्ये टेक्सासने गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेकडील संघराज्याचा ध्वज असलेली प्लेट नाकारली, तेव्हा पाच विरुद्ध चार अशा बहुमताने न्यायालयाने ठरवले की विशेष प्लेटवरचा मजकूर हे सरकारचेच बोलणे असते, म्हणून काय नाकारायचे हे सरकार ठरवू शकते. पाट्या कोणत्या भाषेत असाव्यात, गाडीच्या काचेवर काय लिहावे, यावरून ज्या भागात माणसांची मने वर्षानुवर्षे दुखावली गेली आहेत, त्या आपल्या भागात हे दोन्ही निकाल एकत्र वाचायला हवेत. अशी योजना इथे कधी आली, तर तिचा विषय कोणाला दुखावणारा नसेल याची काळजी आधीच घ्यावी लागेल.

आपल्याकडची स्थिती सर्वांना ठाऊक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार क्रमांकाची अक्षरे इंग्रजी आणि अंक आंतरराष्ट्रीय पद्धतीचेच असावे लागतात, आणि १ एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट येते. तिच्या डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम असतो, त्याखाली निळ्या रंगात देशाची तीन अक्षरे आणि लेझरने कोरलेला क्रमांक असतो, आणि ती एकदा बसवली की न मोडता काढता येत नाही. कोगनोळीच्या टोलनाक्यावर बेळगावची केए २२, चिकोडीची केए २३ आणि कोल्हापूरची एमएच ०९ या गाड्या एकामागे एक उभ्या असतात, तेव्हा क्रमांकाखेरीज त्यांच्या प्लेट्समध्ये काहीच फरक दिसत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे, आणि त्या प्लेटवर चित्र छापावे असे मी म्हणणार नाही.

पण आवडीच्या क्रमांकासाठी लोक जे पैसे मोजतात, त्यांचे काय? एखादा ठरावीक क्रमांक मिळावा म्हणून आपल्या भागातले लोक मोठ्या हौसेने रक्कम भरतात आणि ती सरकारच्या तिजोरीत जमा होते. त्या रकमेतील ठरावीक वाटा जिल्ह्यातल्याच एखाद्या कामासाठी राखून ठेवला आणि तो कुठे खर्च झाला हे दरवर्षी जाहीर केले, तर प्लेट न बदलताही व्हर्जिनियाच्या योजनेचा गाभा इथे आणता येईल. आपल्याकडे विषयांची कमतरता नाही. मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात पोहोचते. तिच्या काठची गावे मराठीही आहेत आणि कन्नडही, त्यामुळे तिच्यासाठी दिलेल्या पैशाला कोणी परके म्हणू शकत नाही. खानापूरच्याच जंगलात भीमगड अभयारण्य आहे आणि तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत रॉटनच्या नावाने ओळखले जाणारे दुर्मीळ वटवाघूळ राहते, जे जगात फारच थोड्या ठिकाणी आढळते. व्हर्जिनियाने आपल्या खेकड्यावर जीव लावला, तसा आपण या वटवाघळावर का लावू नये, असे मला मनापासून वाटते.

सध्या मात्र गाडीवर लावता येईल असे चांगल्या कामाचे एकच चिन्ह आपल्या हातात आहे, आणि ते म्हणजे सशस्त्र सेना ध्वजदिनाचा छोटा ध्वज. लाल, गडद निळा आणि आकाशी अशा तीन पट्ट्यांचा हा ध्वज १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला देणगीच्या बदल्यात दिला जातो. छातीवर लावण्याचा वेगळा आणि गाडीवर लावण्याचा वेगळा असतो. जमलेला निधी शहीद जवानांच्या कुटुंबीयांसाठी, जखमी जवानांसाठी आणि माजी सैनिकांच्या कल्याणासाठी वापरला जातो. ज्या शहरात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि ज्याच्या आसपासच्या अनेक गावांतून मुले सैन्यात जातात, त्या बेळगावात हा ध्वज प्रत्येक गाडीवर दिसायला हवा होता. प्रत्यक्षात तो मला फारच थोड्या गाड्यांवर दिसतो. चेसापीकच्या प्लेटशी तुलना करता ध्वजाची उणीव स्पष्ट आहे : त्याला ठरावीक रक्कम नाही, वार्षिक नूतनीकरण नाही आणि एक दिवस गेला की आठवण करून देणारे काही उरत नाही. मात्र कायद्याने आक्षेप घ्यावा असे त्यात काही नाही, फक्त तो नंबरप्लेटवर न लावता समोरच्या काचेच्या आत, दृष्टी अडणार नाही अशा जागी लावावा.

माझा सल्ला असा आहे. व्हर्जिनियात राहणाऱ्यांनी, विशेषतः जेम्स नदीच्या खोऱ्यात ज्यांचे घर आहे त्यांनी, खेकड्याची प्लेट निश्चिंतपणे घ्यावी. दर वर्षी २५ डॉलर या किमतीला ती मला पूर्णपणे योग्य वाटते. ज्यांना नोकरीमुळे लवकरच दुसऱ्या राज्यात जायचे आहे त्यांनी थांबावे, कारण तिथे गेल्यावर नव्या राज्याची प्लेट घ्यावीच लागेल आणि तिथल्या प्लेट्सची चौकशी पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल. इकडे असलेल्यांनी ध्वजदिनाची वाट न पाहता जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन देणगी द्यावी आणि पावती जपून ठेवावी. आयकर कायद्याखाली तिच्यावर सूट मिळते. मात्र रोख रक्कम २,००० रुपयांपेक्षा जास्त असू नये, आणि नवी करपद्धत निवडलेल्यांना ही सूट मिळत नाही.