राजारामपुरीतलं समुपदेशन सेंटर: मॅडम एक नंबर, वेटिंगचा तेवढा एक स्टार कापला

मी आयसीयूत ब्रदर आहे, दुसऱ्या लाटेत कोविड वॉर्डातच होतो. २०२१ चा जून-जुलै कोल्हापूरकरांना वेगळा सांगायला नको, बाकीच्या राज्यात पेशंट कमी व्हायला लागले तरी आपल्याकडं बेडसाठी पळापळ, त्यात जुलैत महापूर, गावाकडचा स्टाफ पाण्यात अडकला आणि आम्ही डबल ड्युट्या ओढल्या. तेव्हा काय वाटलंच नाही. त्रास सुरू झाला सगळं निवळल्यावर. फ्रिजचं दार उघडं राहिलं की बीप बीप करतंय ना, त्या आवाजाला झोपेतनं उठून मी पेशंटचं सॅच्युरेशन बघायला निघायचो. बायको म्हणाली आता बास, जाऊन दाखवा.

मॅडमनी आधी विचारलं ड्युटी रोटा कसाय. इथंच निम्मं काम झालं. मग पीएचक्यू-९ म्हणजे डिप्रेशन किती आहे ते बघायचा फॉर्म भरायला दिला, नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यात झोप, भूक, कशात मन लागतं का वगैरे, प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क. आता नाईट करणाऱ्याची झोप बिघडलेलीच असणार, तर म्हणाल्या ऑफच्या दिवशी निवांत असताना तरी लागते का ते सांगा. लागत नव्हती. पिशवीत घातलेला मोबाईल पेशंटच्या तोंडापुढं धरून घरच्यांना व्हिडिओ कॉल लावून द्यायचो, त्यातले कितीजण परत घरी गेलेच नाहीत, हे घरात कधी काढलं नव्हतं ते इथं बोललो, आणि त्यांनी मधे तोडलं नाही की सगळं विसरा म्हणून सांगितलं नाही. उलट हे नुसतं कामाचं थकणं नाही, सायकियाट्रिस्टला पण दाखवा म्हणून स्वतः चिठ्ठी दिली, नाहीतर सेशन वाढवत बसणारे लई आहेत.

आता तक्रार. वेटिंग जिन्यालगत उघड्यावर आणि रिसेप्शनवरनं पूर्ण नाव घेऊन हाक! कोल्हापुरात दोन खुर्च्या सोडून ओळखीचा निघतोच, आम्हा दवाखान्यातल्यांचं तर विचारूच नका, दुसऱ्या दिवशी वॉर्डात चर्चा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा पेशंटचा हक्क आहे, टोकन नंबर द्यायला काय जातंय?

फी कंत्राटी स्टाफला जड जाते. त्यांनी १४४१६ ला फोन लावावा, टेलिमानस म्हणून मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाईन आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतनं बोलता येतं. इथं यायचं तर संध्याकाळची उशिराची वेळ मागा, मॉर्निंग ड्युटी करून झोप काढून आरामात पोचता येतं. गाडी जरा लांबच लावा, गल्लीत जागा नसते.